लत्तलूरचे राजे, कंधारचे पाणी

कार्तिकी पौर्णिमा उलटली, विहार सुरू झाले आणि बाजारात नव्या मालाची आवक ओसरू लागली, की लातूर-नांदेडच्या पेढ्यांवर सहलीच्या गोष्टी निघतात. अलीकडे या गोष्टींत व्हिएतनामचे नाव वारंवार येते. जैन स्वयंपाकी बरोबर घेऊन निघणाऱ्या सहली सुरू झाल्यापासून कंदमूळ वर्ज्य करणाऱ्यांची आणि चौविहार पाळणाऱ्यांची अडचण बरीच दूर झाली आहे. त्यामुळे एरवी शिखरजी, पालिताणा आणि श्रवणबेळगोळ यांपलीकडे फारसे न गेलेली कुटुंबेही आता हुए या जुन्या राजनगरीपर्यंत पोहोचू लागली आहेत.

हुए पाहण्यासारखे आहे, यात शंका नाही. सुगंधी नदी असे सुंदर नाव असलेल्या नदीच्या काठी न्गुएन घराण्याने १८०२ मध्ये आपली राजधानी केली आणि १९४५ पर्यंत तेरा सम्राट तेथे गादीवर बसले. सुमारे दहा किलोमीटर घेराचा कोट, त्याभोवती पाण्याचा खंदक, आत राजनगर आणि त्याच्याही आत केवळ राजपरिवारासाठी राखलेला भाग, अशी तिहेरी रचना आहे. राजमंदिरासमोर कांस्याचे नऊ प्रचंड कलश ओळीने उभे आहेत. त्यांवर देशातील नद्या, डोंगर, झाडे, पिके आणि प्राणी कोरलेले आहेत. १९६८ च्या युद्धात या नगरीची मोठी हानी झाली. तरीही तेथील लोकांनी एकेक महाल चिकाटीने उभा केला, १९९३ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळवली, आणि सिंहासनाचा महाल २०२४ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा लोकांसाठी खुला केला.

ते सारे पाहून परतताना बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असते: आपल्या भागात असे काही नाही. हे वाक्य लातूरच्या माणसाने उच्चारावे, यात मोठा विरोधाभास आहे. ज्या गावाच्या नावावर एका सम्राटघराण्याने अभिमान सांगितला, ते हेच गाव. ज्या घराण्याच्या आश्रयाखाली दिगंबर परंपरेतील काही थोर ग्रंथ सिद्ध झाले, तेही हेच घराणे. त्यांच्या खुणा लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत एका दिवसाच्या अंतरावर आहेत.

लत्तलूर : बिरुदातले गाव

इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या मध्यापासून दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दख्खनवर राष्ट्रकूटांचे राज्य होते. वेरूळचे कैलास लेणे खोदविणारा पहिला कृष्ण याच घराण्यातला. या घराण्याचा सर्वांत दीर्घकाळ राज्य केलेला राजा म्हणजे अमोघवर्ष नृपतुंग. तो ८१४ मध्ये अल्पवयात गादीवर आला आणि साठ वर्षांहून अधिक काळ राजा होता. कर्नाटकातील शिरूर आणि नीलगुंद येथे ८६६ मधील शिलालेख सापडले आहेत. त्यांत त्याच्या बिरुदांत 'लत्तलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी' अशा अर्थाचे बिरुद आहे. हे लत्तलूर म्हणजे आजचे लातूर, असे इतिहासकार मानतात. घराण्याचे मूळ गाव हेच असावे, असा या बिरुदाचा अर्थ घेतला जातो.

राजधानी दूर गेली तरी मूळ गावाचे नाव सोडले नाही, ही रीत व्यापारी घराण्यांना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. राजस्थानातले गाव सोडून कित्येक पिढ्या उलटल्या, तरी त्या गावाचे नाव आडनाव म्हणून लावणारी घरे समाजात कितीतरी आहेत. पुढे बेळगाव-सौंदत्तीच्या जैनधर्मी रट्ट राजांनीही हेच लत्तलूरचे बिरुद लावले. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती ही त्यांच्याच काळातली.

आजच्या लातुरात राष्ट्रकूटांचा महाल शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. सिद्धेश्वराचे जुने देवस्थान आहे, पापविनाशक मंदिरात कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील शिलालेख आहे. गावाच्या मध्यभागी सोळा रस्त्यांना कवेत घेणारी गंजगोलाई आहे, पण ती १९१७ सालची. राजांचे लत्तलूर या रस्त्यांखाली आणि घरांच्या पायांखाली विसावले आहे. म्हणून त्यांच्या खुणा पाहण्यासाठी लातूरबाहेर पडावे लागते.

मान्यखेट : राजा, गुरू आणि गणिती

बाहेर पडण्यापूर्वी या राजांची ओळख नीट करून घेणे इष्ट. अमोघवर्षाने आपली राजधानी मान्यखेट येथे वसवली. हे गाव म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील कागिणा नदीकाठचे मळखेड. देवांच्या नगरीलाही लाजवील अशी ही नगरी असल्याचे वर्णन नंतरच्या राष्ट्रकूट ताम्रपटांत येते. ८५१ च्या सुमारास अरब व्यापारी सुलेमान याच्या नावाने नोंदल्या गेलेल्या वृत्तांतात जगातील चार मोठ्या राजांत या राजाची गणना केली आहे. उरलेले तिघे बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा बादशहा. सुलेमानाने त्याला 'बल्हरा' म्हटले आहे. वल्लभराज या शब्दाचे हे अरबी रूप. परदेशी व्यापाऱ्यांना या राज्यात आदराने वागवले जाते, असेही त्या लेखनात नमूद आहे.

हा राजा आचार्य जिनसेनांना गुरू मानी, असे जिनसेनांचे शिष्य गुणभद्र यांनी उत्तरपुराणात लिहून ठेवले आहे. जिनसेनांचे गुरू वीरसेन यांनी षट्खंडागमावर 'धवला' ही टीका लिहिली. तिचा विस्तार परंपरेने बहात्तर हजार श्लोकांइतका मानला जातो. कषायपाहुडावरील 'जयधवला' वीरसेनांच्या हातून अपुरी राहिली. ती जिनसेनांनी शके ७५९ मध्ये, म्हणजे ८३७ साली पूर्ण केली. जिनसेनांचे आदिपुराण अपुरे राहिले, तेव्हा गुणभद्रांनी ते पुरे केले. गुरूचे काम शिष्याने हाती घेऊन तडीस न्यावे, ही त्या काळातील परंपरा या तीन पिढ्यांत स्पष्ट दिसते.

महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ याच राजाच्या काळात लिहिला आणि त्याच्या आरंभी त्याची स्तुती केली. व्यापारी घरातल्या प्रत्येक मुलाने हा ग्रंथ एकदा तरी चाळून पाहावा. त्याच्या मिश्रक व्यवहार या प्रकरणात व्याजाची गणिते आहेत. भागीदारांनी निरनिराळे भांडवल घातले असता नफ्याची वाटणी कशी करावी, निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र आटवल्यास मिश्रणाचा कस किती येईल, हे सारे तेथे पद्यात सांगितले आहे. अकराशे वर्षांपूर्वीच्या मुनीने लिहिलेले हे प्रश्न आजच्या सराफ्यात आणि आडतीत जसेच्या तसे उपयोगी पडतात.

अमोघवर्ष केवळ जैनांचाच राजा होता, असे मात्र समजू नये. प्रजेवर संकट आले असता त्याने महालक्ष्मीला आपले बोट अर्पण केले, असे संजान येथील ताम्रपटात म्हटले आहे. शैव, वैष्णव आणि जैन या सर्वांना त्याच्या राज्यात आश्रय होता. उतारवयात विवेकाने राज्यत्याग केल्याचा उल्लेख त्याच्या नावावरील 'प्रश्नोत्तररत्नमालिका' या लहानशा ग्रंथात आहे. त्या ग्रंथाचे तिबेटी भाषेतही भाषांतर झाले.

कंधार : खंदक, सागर आणि भग्न क्षेत्रपाल

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या महामार्गावर अहमदपूर मागे टाकून लोह्याला पोहोचले, की कंधारचा रस्ता फुटतो. नांदेडहून कंधार सुमारे पन्नास किलोमीटर आहे. राष्ट्रकूट वैभव डोळ्यांनी पाहायचे असेल, तर या दोन जिल्ह्यांत कंधारसारखे दुसरे ठिकाण नाही.

कंधारचा किल्ला डोंगरावर नाही. मन्याड नदीच्या खोऱ्यात, सपाट जमिनीवर तो उभा आहे. त्याची उभारणी राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळात झाल्याचे मानले जाते. हा राजा ९३९ ते ९६७ या काळात गादीवर होता. ९४९ मध्ये तक्कोलमच्या लढाईत त्याच्या सैन्याने चोळांचा पराभव केला, आणि त्याची सत्ता दक्षिणेत कांचीपलीकडे पोहोचली. कृष्ण या नावाची कन्नर, कंधर अशी रूपे जुन्या लेखांत आढळतात. कंधारपूर या नगरनावाचा त्याच्याशी असलेला संबंध येथे सहज ध्यानात येतो.

किल्ल्याभोवती रुंद खंदक आहे. त्यामागे दुहेरी तटबंदी आहे. वळणावळणाने दरवाजे ओलांडून आत जावे लागते. हत्तीला धाव घेऊन धडक देता येऊ नये, म्हणून ही वळणे. आतील महाल, मशीद, हौद आणि फारसी लेख हे बहुतांशी पुढील काळातले आहेत. राष्ट्रकूटांनंतर चालुक्य, यादव, बहमनी आणि अहमदनगरची निजामशाही असे धनी बदलत गेले. १६३१ मध्ये शाहजहानच्या फौजेने हा किल्ला घेतला आणि पुढे तो हैदराबादच्या निजामाकडे गेला. प्रत्येकाने जुन्याचे दगड वापरून नवे बांधले. त्यामुळे तटाच्या भिंतींकडे बारकाईने पाहावे. एखाद्या साध्या चिऱ्याशेजारी वेलबुट्टी कोरलेला दगड आडवा बसवलेला दिसतो. तो कधीकाळी एखाद्या मंदिराचा भाग होता.

किल्ला आणि गावाच्या परिसरात जुन्या मूर्ती आणि कोरीव शिळा विखुरलेल्या आहेत. त्यांत जिनमूर्तीही आहेत. एका काळी येथे मोठी जैन वसती आणि जिनालये होती, याचा हा बोलका पुरावा. सर्वांत थक्क करणारे अवशेष आहेत ते क्षेत्रपालाच्या मूर्तीचे. ही मूर्ती कित्येक पुरुष उंच असली पाहिजे. आज तिचे तुकडेच उरले आहेत, परंतु त्यातील एका पावलाजवळ उभे राहिले, तरी उरलेल्या देहाची कल्पना करताना मान आपोआप वर जाते. क्षेत्रपाल हा नगराचा राखणदार. जिनमंदिराच्या आवारातही त्याला स्थान असते, हे वाचकांना ठाऊकच आहे. ज्याने नगर राखायचे, तोच भंगून पडला.

गावाजवळचा विस्तीर्ण तलाव आजही जगत्तुंग सागर या नावाने ओळखला जातो. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजांचे बिरुद. अमोघवर्षाचा पिता तिसरा गोविंद हे बिरुद लावीत असे. कंधार येथे सापडलेल्या तिसऱ्या कृष्णाच्या काळातील शिलालेखात जगत्तुंग समुद्राचा आणि नगरातील अनेक देवालयांचा उल्लेख आहे. त्या देवालयांपैकी आज उभे असे क्वचितच काही आहे. तलाव मात्र हजार वर्षांनंतरही आपल्या जुन्या नावासह भरतो. मराठवाड्यासारख्या अवर्षणाच्या प्रदेशात राजाने खोदविलेले पाणी टिकावे, याचे महत्त्व लातूरकरांना सांगावयास नको. २०१६ च्या उन्हाळ्यात याच शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

औसा आणि उदगीर

वेळ असल्यास लातूर जिल्ह्यातील दोन किल्ले याच वाटेला जोडता येतात. हे दोन्ही राष्ट्रकूटांच्या बऱ्याच नंतरचे, परंतु कंधारशी ताडून पाहण्याजोगे आहेत. लातूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर औसा आहे. हा बहमनी काळातील भुईकोट किल्ला सभोवतालच्या जमिनीपेक्षा खोलगट जागी बांधलेला आहे, त्यामुळे तो दुरून नजरेस पडत नाही. उदगीरचा किल्ला तितकाच भक्कम असून त्याचा खंदक खोल आहे. १६३६ मध्ये मुघल सरदार खान दौरान याने हे दोन्ही किल्ले घेतले. पुढे १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, ती लढाई उदगीरची म्हणून प्रसिद्ध आहे. त्यानंतर वर्षभरातच पानिपत घडले.

राजधानी पडली, पोथी राहिली

९७२ मध्ये माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटले. अपभ्रंश भाषेतील महाकवी पुष्पदंत त्या वेळी तेथेच राहत होते. राजमंत्री भरताच्या आश्रयाने त्यांनी ९६५ मध्ये महापुराण पूर्ण केले होते. आता त्यांनी त्या नगरीची दैना डोळ्यांनी पाहिली आणि आपण कोठे जावे, अशा अर्थाचा शोक एका श्लोकात नोंदवला. पुढच्याच वर्षी चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता संपवली. तिसऱ्या कृष्णाचा नातू चौथा इंद्र याला गादीवर बसवण्याचा प्रयत्न झाला, पण तो सफल झाला नाही. या इंद्राने ९८२ मध्ये श्रवणबेळगोळ येथे सल्लेखना घेतली. तेथील शिलालेखात त्याची नोंद आहे. ज्या घराण्याचे बिरुद लातूरपासून सुरू झाले, त्याचा अंत एका पहाडावर, अन्नत्यागाच्या व्रतात झाला.

राज्य असे संपले. मग धवला आणि जयधवला आपल्या हाती कशा आल्या? याचे उत्तर व्यापारी समाजाच्या इतिहासात आहे. या ग्रंथांच्या ताडपत्रावरील प्रती कर्नाटकातील मूडबिद्रीच्या भांडारात राहिल्या होत्या. लिपी जुनी कन्नड, त्यामुळे वाचणारे विरळा, आणि ताडपत्रे जीर्ण होत चाललेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे शेठ माणिकचंद जव्हेरी आणि 'जैन बोधक' मासिकाचे संस्थापक सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी तेथे जाऊन ही पत्रे पाहिली आणि त्यांची नक्कल व्हावी म्हणून खटपट केली. पंडितांनी बसून एकेक पान उतरवून घ्यावयाचे, त्यांचा खर्च समाजाने द्यावयाचा, असे हे काम वर्षानुवर्षे चालले. अखेर अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी संपादित केलेला धवलेचा पहिला खंड १९३९ मध्ये छापून बाहेर आला, आणि सोळा खंडांचे काम पुढील वीस वर्षांत पूर्ण झाले. त्यासाठी विदिशेच्या एका शेठजींनी दिलेल्या देणगीतून निधी उभा राहिला होता. गणितसारसंग्रहाचा हिंदी अनुवाद १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने प्रसिद्ध केला.

सम्राटाच्या दरबारात लिहिलेले ग्रंथ अशा रीतीने सोलापूर, मुंबई, विदिशा येथील दुकानदारांच्या दानावर तगले. शास्त्रदानाचे पुण्य म्हणतात ते हेच.

कंधारच्या दगडांचे काय?

पोथ्यांसाठी समाज उभा राहिला. पाषाणांसाठी अजून तसा उभा राहिलेला नाही. आपल्या समाजात नव्या मंदिराच्या शिखरासाठी, पंचकल्याणकासाठी, बोलीसाठी उदारपणे देणारे हात पुष्कळ आहेत. उघड्यावर पावसाळे सोसणाऱ्या हजार वर्षांच्या जिनमूर्तीसाठी देणगी मागणारा मात्र कोणी पुढे येत नाही, आणि म्हणून देणाराही भेटत नाही. या मूर्तींची छायाचित्रांसह नोंद होणे, त्यांवर काही लेख असल्यास तो तज्ज्ञांकडून वाचून घेणे, पुरातत्त्व खात्याशी बोलून त्यांच्यावर छप्पर यावे असा पाठपुरावा करणे, ही कामे फार खर्चाची नाहीत. लातूर किंवा नांदेडच्या सकल जैन समाजाने एका वर्षाच्या सहलीच्या खर्चाचा लहानसा अंश बाजूला काढला, तरी आरंभ होऊ शकेल.

याच संदर्भात एक व्यावहारिक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जुन्या गावांत पाया खोदताना किंवा विहीर उपसताना अनेकदा मूर्ती सापडते. भक्तिभावाने ती लगेच घरी अथवा मंदिरात नेऊन तिला दूध-तेलाने न्हाऊ घालण्याची, रंग देण्याची घाई होते. १८७८ च्या भूमिगत धन कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या अशा वस्तूची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानेही अशा वस्तूंवर निर्बंध आहेत. ते पाळून, खात्याच्या संमतीने पूजेचा मार्ग निघू शकतो. नियम डावलून केलेली भक्ती पुढे वादाला आणि कधीकधी कोर्टाच्या पायरीला नेते. शिवाय रंगाच्या थराखाली मूर्तीवरील अक्षरे कायमची बुजतात. ज्या अक्षरांतून तो दाता कोण आणि तो आचार्य कोण हे कळले असते, तीच आपल्या हातांनी पुसली जातात.

एका दिवसाची यात्रा

कार्तिक ते माघ हा काळ या वाटेसाठी उत्तम. पावसाळ्यानंतर जगत्तुंग सागरात पाणी असते आणि ऊनही सोसवते. सकाळी जिनदर्शन करून लातूर सोडावे. दशम्या, कोरडी चटणी, खाखरे आणि उकळलेले पाणी बरोबर घ्यावे. दुपारपर्यंत कंधारचा किल्ला पाहून तलावाकाठी भोजन करावे आणि सूर्यास्तापूर्वी परत गावी पोहोचावे, असा बेत सहज जमतो. ज्यांना दोन दिवस काढता येतील, त्यांनी दुसऱ्या दिवशी मळखेडला जाऊन तेथील नेमिनाथ बस्तीचे दर्शन घ्यावे. जिनसेनांचा आणि पुष्पदंतांचा ज्या गावाशी संबंध होता, तेथे आजही पूजा होते.

घरातील मुलांना अवश्य न्यावे. निघण्यापूर्वी आदल्या रात्री आजोबांनी त्यांना अमोघवर्षाची आणि जिनसेनांची गोष्ट सांगावी. सोने आटवण्याचे एक गणितही घालावे. मग कंधारच्या तटातला कोरीव चिरा त्यांना आपोआप दिसेल. हुए येथील महाल त्यांनी पुढे जरूर पाहावेत. त्या वेळी कोणी विचारले, तर आपल्या गावचे राजे कोण होते, हे त्यांना सांगता आले पाहिजे.